कोळशाच्या खाणीतला वस्ताद

मंडळी, कुस्तीच्या फडात एखादा पोरगा चटकदार कुस्ती मारतो. लोक फेटे उडवतात. मग हळूच कोणीतरी विचारतो, "पोरगा कुणाच्या तालमीतला?" हा प्रश्न फार शहाणपणाचा आहे. मैदानात दिसतो तो पैलवान. पण त्याला घडवणारा वस्ताद मैदानाबाहेर उभा असतो.

या पाठात आपण अशाच एका वस्तादाची गोष्ट वाचू. तो कुस्तीचा वस्ताद नव्हे, फुटबॉलचा. त्याचे नाव जॉक स्टीन. त्याचा देश स्कॉटलंड.

स्कॉटलंड हा ब्रिटनचा उत्तरेकडचा भाग. तिथे थंडी फार, पाऊस फार. आपल्याकडे कुस्ती-कबड्डीचे वेड आहे, तसे तिकडे फुटबॉलचे. या खेळात दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी असतात. चेंडू पायाने किंवा डोक्याने मारायचा. हात फक्त गोलरक्षकाने लावायचा. खेळ दीड तास चालतो. जो संघ जास्त गोल करील तो जिंकतो. गडी निवडणे, त्यांना शिकवणे, डाव ठरवणे ही कामे ज्याच्याकडे असतात, त्याला तिकडे मॅनेजर म्हणतात. आपण त्याला वस्ताद म्हणू.

१. खाणीतले दिवस

ग्लासगो हे स्कॉटलंडमधले मोठे शहर. त्याच्या जवळच हॅमिल्टन नावाचे गाव आहे. तिथल्या बर्नबँक भागात ५ ऑक्टोबर १९२२ रोजी जॉकचा जन्म झाला. हा सारा मुलूख कोळशाच्या खाणींचा. बाप खाणीत, तर पोरगाही खाणीत, अशी तिथली रीत होती.

जॉकने १९३७ साली शाळा सोडली. थोडे दिवस तो गालिच्यांच्या कारखान्यात होता. पण लवकरच तोही खाणीत उतरला.

आपल्या चंद्रपूर-वणीकडच्या बांधवांना खाण म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. माणसे पिंजऱ्यात उभी राहतात. पिंजरा खोल जमिनीत उतरतो. खाली अंधार असतो. अमावास्येच्या रात्रीही चांदण्यांचा थोडा उजेड असतो. खाणीत तोही नसतो. डोक्यावर शेकडो हातांचा खडक असतो. तो कधी ढासळेल, याचा नेम नसतो.

अशा जागी माणसाचा जीव शेजारच्या माणसाच्या हाती असतो. त्याने छताला टेकू नीट लावला, तर आपण वाचलो. त्याने आळस केला, तर आपण मेलो. तिथे कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. जॉक पुढे फार मोठा झाला. राजेरजवाडे, श्रीमंत, नामवंत सगळे त्याने पाहिले. पण खाणीतल्या सोबत्यांहून चांगली माणसे आपल्याला कुठे भेटली नाहीत, असे तो अखेरपर्यंत सांगे.

दहा वर्षांहून अधिक काळ त्याने खाणीत काम केले. त्यातच तो फुटबॉलही खेळे. १९४२ साली तो आल्बियन रोव्हर्स या लहानशा क्लबात गेला. आठवडाभर कोळसा खणायचा आणि शनिवारी सामना खेळायचा. हा क्लब जिंके थोडा, हरे फार. जॉकच्या पायातही काही जादू नव्हती. तो बचावाच्या मधोमध उभा राही. डोक्याने चेंडू परतवण्यात मात्र पक्का होता.

१९५० साली तो वेल्स प्रांतातल्या लानेली या गावी गेला. तिथल्या क्लबाने आठवड्याला बारा पौंड पगार देऊ केला. मग त्याने खाण सोडली. पण तिथे मन रमेना. मागे हॅमिल्टनच्या घरात चोरी झाली. बायको म्हणाली, आता परत चला. वय एकोणतीस. खेळाडूचे म्हणून हे वय उतरतीचे. पुन्हा खाणीत उतरायची त्याने मनाशी तयारी केली.

तेवढ्यात ग्लासगोच्या सेल्टिक क्लबाचे बोलावणे आले. तो १९५१ सालचा डिसेंबर महिना होता.

२. दोन क्लब, दोन पंथ

इथे जरा थांबून एक गोष्ट समजून घेऊ. ती समजली नाही, तर पुढची गोष्ट कळणार नाही.

ग्लासगोत दोन मोठे क्लब आहेत. एक सेल्टिक, दुसरा रेंजर्स. आयर्लंडमधून पोटासाठी आलेले पुष्कळ गरीब लोक ग्लासगोच्या पूर्व भागात राहत. त्यांच्या पोरांना दोन घास मिळावेत, म्हणून वॉलफ्रिड नावाच्या एका धर्मबंधूने १८८७ साली सेल्टिक क्लब काढला. सामन्यांचा पैसा पोरांच्या अन्नाला जाई. हे लोक ख्रिस्ती धर्मातल्या कॅथलिक पंथाचे होते. रेंजर्सच्या बाजूचे लोक प्रॉटेस्टंट पंथाचे होते.

देव एक, येशू एक, बायबलही एक. तरी दोन्ही पंथांत मोठे वैर. सामन्याच्या दिवशी शिवीगाळ होई, डोकी फुटत. आपण हसायचे कारण नाही. एकाच पाणवठ्यावरून भांडणारी गावे आपणही पाहिली आहेत.

जॉक प्रॉटेस्टंट होता. त्याचा बाप रेंजर्सचा भक्त. आणि पोरगा गेला सेल्टिकमध्ये! काही जुन्या मित्रांनी त्याच्याशी बोलणे सोडले. जॉकने वाद घातला नाही. तो खेळत राहिला.

क्लबाने त्याला घेतले होते ते दुय्यम संघातल्या पोरांना वळण लावण्यासाठी. पण मुख्य संघातले गडी जखमी झाले आणि त्याला पुढे यावे लागले. थोड्याच दिवसांत तो कर्णधार झाला. १९५४ साली सेल्टिकने स्कॉटलंडची लीग आणि स्कॉटिश कप ही दोन्ही बक्षिसे एकाच हंगामात जिंकली. असे चाळीस वर्षांनी घडले होते. खाणीतला तो साधा गडी आता नामांकित झाला.

पण मग घोट्याला मार बसला. तो बरा झालाच नाही. जॉक थोडा लंगडत चाले. १९५७ साली त्याचा खेळ थांबला.

३. खेळ थांबला, काम सुरू झाले

क्लबाने त्याला पोरांना शिकवायचे काम दिले. हेच त्याचे खरे काम होते. तो पोरांबरोबर मैदानात राही. खेळ कसा चालतो, चेंडू कुठे द्यावा, कुठे देऊ नये, हे समजावून सांगे. बिली मॅकनील नावाचा उंच पोरगा त्याच्याच हाताखाली तयार झाला. हे नाव ध्यानात ठेवा.

सेल्टिकचे तोवरचे तिन्ही मॅनेजर कॅथलिक होते. आपल्याला ती जागा मिळेल, अशी आशा जॉकला नव्हती. म्हणून १९६० साली तो डनफर्मलिन या लहान क्लबाचा मॅनेजर झाला. क्लबाची स्थिती वाईट होती. वरच्या वर्गातून खाली घसरायची वेळ आली होती. जॉक आला आणि पहिले सहाच्या सहा सामने त्यांनी जिंकले. क्लब वाचला. पुढच्याच वर्षी, १९६१ साली, याच लहान क्लबाने स्कॉटिश कप जिंकला. तोही कोणाला हरवून? सेल्टिकला!

त्यानंतर जॉक एडिंबरोच्या हिबर्निअन क्लबात गेला. आता सेल्टिकचे डोळे उघडले. १९६५ सालच्या मार्च महिन्यात त्यांनी त्याला मॅनेजर म्हणून परत बोलावले. जॉकची अट होती, की संघ मी निवडीन, त्यात कोणी हात घालायचा नाही. तोवर क्लबाचे अध्यक्षच संघात लक्ष घालत. त्यांनी ही अट मान्य केली. पंथ आडवा आला नाही. काम पाहिले गेले.

एक गोष्ट लोक अजून सांगतात. जॉकला कोणी विचारले, "दोन सारखेच चांगले गडी आले, एक कॅथलिक आणि एक प्रॉटेस्टंट, तर तुम्ही कोणाला घ्याल?" जॉक म्हणाला, "प्रॉटेस्टंटाला." ऐकणारा चकित झाला. जॉक हसून म्हणाला, "कॅथलिकाला रेंजर्सवाले घेणारच नाहीत. तो आपल्याचकडे राहील!" त्या काळी रेंजर्स क्लब उघडपणे कॅथलिक गडी घेत नसे. ती रीत १९८९ साली मोडली.

४. माणसे ओळखणारा

पूर्वीचे पुष्कळ मॅनेजर कोट-टाय घालून कचेरीत बसत. जॉक खेळाचे कपडे घालून पोरांबरोबर मैदानात उतरे. प्रत्येकाचा स्वभाव त्याला ठाऊक होता. कोणाला दटावायचे, कोणाच्या पाठीवर हात ठेवायचा, हे तो जाणून होता.

जिमी जॉन्स्टन नावाचा एक बुटका, तांबड्या केसांचा गडी होता. चेंडू पायात आला की तो चारजणांना चकवून जाई. पण विमानात बसायला तो फार भिई. १९६८ साली युगोस्लाव्हियाच्या रेड स्टार संघाशी दोन सामने होते. पहिला घरी, दुसरा त्यांच्या देशात. घरचा सामना मध्यंतराला बरोबरीत होता. जॉकने जिमीला बाजूला घेतले आणि सांगितले, की आज आपण चार गोलांच्या फरकाने जिंकलो, तर तुला विमानात बसावे लागणार नाही. मग काय! जिमीच्या अंगात वारे भरले. सेल्टिकने पाच गोल केले. रेड स्टारचा एकच राहिला. त्यात जिमीचे दोन होते. जिमी घरीच राहिला.

दुसरी गोष्ट रॉनी सिम्पसन या गोलरक्षकाची. जॉक हिबर्निअनमध्ये असताना त्याला रॉनी म्हातारा वाटला. त्याने रॉनीला सेल्टिकला विकून टाकले. पुढे जॉक स्वतःच सेल्टिकमध्ये आला. रॉनीला वाटले, आता आपले येथलेही दाणापाणी संपले. पण जॉकने त्याचा खेळ नीट पाहिला. आपले चुकले, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने रॉनीलाच मुख्य गोलरक्षक केले. मोठ्या जागेवरचा माणूस आपली चूक सुधारतो, तेव्हा त्याचा मान कमी होत नाही.

जॉक दारूला शिवत नसे. गडी दारू प्यालेले त्याला खपत नसे. मात्र घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावायची सवय त्याला होती. तोही माणूसच होता. गुण घ्यावा, दोष तेथेच सोडावा.

५. लिस्बनचा सामना

१९६७ साल उजाडले. युरोपातल्या सगळ्या देशांचे विजेते क्लब ज्या स्पर्धेत उतरत, तिला युरोपियन कप म्हणत. ही स्पर्धा सुरू झाल्यापासून स्पेन, पोर्तुगाल आणि इटली या तीन देशांबाहेर कप गेला नव्हता. ब्रिटनमधला एकही क्लब तो जिंकला नव्हता.

शेवटचा सामना २५ मे १९६७ रोजी लिस्बन शहरात होता. लिस्बन ही पोर्तुगालची राजधानी. याच पोर्तुगालचे १९६१ पर्यंत आपल्या गोव्यावर राज्य होते. एका बाजूला इटलीचा इंटर मिलान क्लब. पैसेवाला, नावाजलेला. १९६४ आणि १९६५ असा दोनदा त्याने हा कप जिंकला होता. दुसऱ्या बाजूला सेल्टिक.

सेल्टिकचे गडी कोण होते? ऐका. अकराच्या अकरा गडी त्यांच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. तीस मैल म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर. आपल्या तालुक्यातली आणि शेजारच्या तालुक्यातली पोरे जमवावीत आणि सगळ्या खंडाच्या विजेत्यांशी लढावे, तसा हा प्रकार. साध्या कष्टकरी घरांतली ही पोरे. काहींचे पुढचे दात पडलेले होते. कवळी सांभाळायला नको का? ती त्यांनी रॉनीच्या टोपीत ठेवायला दिली आणि टोपी गोलच्या जाळ्यापाशी ठेवली! रॉनी तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. कर्णधार होता बिली मॅकनील.

इंटरचा डाव ठरलेला असे. आधी एक गोल करायचा. मग सगळ्यांनी मागे येऊन दार लावायचे. या डावाला इटलीत जे नाव आहे, त्याचा अर्थच दाराचा अडसर.

झालेही तसेच. सातव्या मिनिटाला इंटरला पेनल्टी मिळाली आणि गोल झाला. मग त्यांनी दार लावले, अडसर घातला. सेल्टिकची पोरे दारावर धडका देऊ लागली. दोनदा चेंडू गोलच्या आडव्या दांड्याला लागून परत आला. इंटरच्या गोलरक्षकाने किती चेंडू अडवले, त्याला गणती नाही. मध्यंतर झाले, तरी गोल नाही. दुसरा संघ असता तर खचला असता. पण जॉकने त्यांना चढाई करायलाच शिकवले होते. त्यांनी आपला खेळ सोडला नाही.

त्रेसष्टाव्या मिनिटाला टॉमी गेमेलने लांबून असा चेंडू हाणला, की अडसर मोडला. बरोबरी झाली. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला स्टीव्ह चामर्सने दुसरा गोल केला. सामना संपला. सेल्टिक दोन, इंटर एक. लोक मैदानात धावले. बिलीने कप उंच धरला.

त्या हंगामात सेल्टिक ज्या ज्या स्पर्धेत उतरला, ती प्रत्येक स्पर्धा त्याने जिंकली. लीग तर त्यांनी १९६६ पासून १९७४ पर्यंत ओळीने नऊ वेळा जिंकली.

६. पडता काळ

चढ असतो तिथे उतारही असतो. १९७० साली सेल्टिक पुन्हा युरोपियन कपाच्या शेवटच्या सामन्यात गेला. उपान्त्य सामना पाहायला १,३६,५०५ माणसे जमली होती. त्यांनी इंग्लंडच्या लीड्सला हरवले. पण शेवटच्या सामन्यात हॉलंडच्या फेयनूर्ड क्लबाने त्यांना हरवले.

२ जानेवारी १९७१ रोजी रेंजर्सच्या मैदानावर रेंजर्स आणि सेल्टिक यांचा सामना होता. सामना संपला. लोक जिन्याने उतरू लागले. जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ६६ माणसे मेली. ती रेंजर्सच्या बाजूची माणसे. जॉकने आपले-परके पाहिले नाही. जखमींना उचलून नेण्यास तो धावला. अशा प्रसंगापुढे पंथांचा द्वेष किती क्षुद्र आहे, हे सर्वांना कळायला हवे, असे तो म्हणाला. खाणीत दरड कोसळली म्हणजे कोणी आधी पंथ विचारीत नाही.

१९७५ साली त्याच्या मोटारीला मोठा अपघात झाला. समोरून चुकीच्या बाजूने आलेली गाडी धडकली. तो मरणाच्या दारातून परत आला. वर्षभर काम बंद. पुन्हा उभा राहून त्याने १९७७ साली लीग आणि स्कॉटिश कप जिंकून दाखवले. पण १९७८ साली क्लबाने त्याला बाजूला केले. सोडतीची तिकिटे खपवण्याच्या खात्यात जागा देऊ केली. ज्याने दहा वेळा लीग जिंकून दिली, त्याला ही जागा! जॉक ती सोडून निघाला. तो चव्वेचाळीस दिवस लीड्समध्ये राहिला आणि मग स्कॉटलंड देशाच्या संघाचा मॅनेजर झाला. त्याच्या हाताखाली स्कॉटलंड १९८२ सालच्या विश्वचषकात खेळला.

१९८४-८५ साली ब्रिटनमधल्या खाणकामगारांचा मोठा संप झाला. कामगार रस्त्यावर डबे घेऊन मदत मागत. जॉक दिसेल त्या डब्यात पैसे टाकल्याशिवाय पुढे जात नसे.

७. शेवटची शिट्टी

१० सप्टेंबर १९८५. वेल्समधले कार्डिफ शहर. स्कॉटलंड आणि वेल्स यांचा सामना. पुढच्या विश्वचषकाची वाट खुली राहायला स्कॉटलंडला बरोबरी तरी हवी होती. वेल्सने आधी गोल केला. वेळ सरत चालली. शेवटची नऊ-दहा मिनिटे उरली असताना स्कॉटलंडला पेनल्टी मिळाली आणि बरोबरी झाली.

सामना संपत आला होता. जॉक मैदानाच्या कडेला उभा राहिला आणि कोसळला. त्याला आतल्या खोलीत नेले. तिथेच त्याने प्राण सोडला. वय बासष्ट. गड्यांनी काम फत्ते केले होते, पण आनंद करायला कोणाचे मन होईना.

त्या दिवशी त्याच्या शेजारी त्याचा मदतनीस बसला होता. त्याचे नाव ॲलेक्स फर्ग्युसन. तोही ग्लासगोचा, जहाजाच्या कारखान्यात राबणाऱ्या कामगाराचा मुलगा. १९८६ पासून २०१३ पर्यंत तो मँचेस्टर युनायटेड या क्लबाचा मॅनेजर होता आणि जगभर गाजला. जॉककडून आपण पुष्कळ शिकलो, असे तो सांगतो. वस्ताद गेला, तरी तालीम चालू राहिली. सेल्टिकच्या मैदानाबाहेर २०११ साली जॉकचा पुतळा उभारला गेला.

८. आपण काय घ्यावे?

आता आमची एक चूक सांगतो. आम्ही हेडमास्तर असताना गावच्या कबड्डी संघाची निवड आमच्याकडे आली होती. आम्हाला जिंकायची घाई. बाहेरगावचे दोन दांडगे गडी आणले आणि गावची दोन पोरे बसवली. सामना हरलो तो हरलोच. वर त्या दोघांपैकी एक पोरगा पुन्हा मैदानावर फिरकला नाही. आम्ही त्याला बोलवायलाही गेलो नाही. जॉकची गोष्ट वाचताना आम्हाला तो पोरगा आठवतो.

चांगले ते बाहेरूनच येते, असे आपल्याला वाटत असते. चांगला गडी शहरात, चांगला कारागीर शहरात, शहाणा माणूस शहरात. पण जॉकला युरोप जिंकणारे अकरा गडी तीस मैलांच्या आतच सापडले. ते आधीही तिथेच होते. त्यांना पारखणारा, शिकवणारा आणि पंथ न विचारणारा माणूस तेवढा हवा होता.

गावाची विहीर असो, सोसायटी असो की भजनी मंडळ असो. गडी गावातच असतात. त्यांना हाक मारणारा कोणी हवा.

प्रश्न

१. खाणीत माणसाचा जीव शेजाऱ्याच्या हाती का असतो?
२. सेल्टिक क्लब कशासाठी काढला होता?
३. जॉकने रॉनी सिम्पसनच्या बाबतीत आपली चूक कशी सुधारली?
४. लिस्बनला खेळलेल्या अकरा गड्यांची विशेष गोष्ट कोणती?
५. तुमच्या गावात कोणाच्या अंगी कोणता गुण आहे? पाच जणांची नावे पाटीवर लिहा. त्यांतल्या कोणाला अजून कोणी हाक मारली नाही, त्याच्या नावाखाली रेघ ओढा.